उपड्या वहाणा

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. लाकडी पेटीतला, काळापांढरा, पुढं सरकती दारं असलेला. मला डबा म्हणायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. तुमच्या घरातला तो भिंतीला चिकटलेला पातळ टीव्ही दिसायला देखणा असेल, पण त्याच्या डोक्यावर कधी कुणी विणलेला रुमाल घातला होता का? माझ्या डोक्यावर होता. त्यावर दोन मोर होते.

सध्या माझा मुक्काम सोलापुरात, बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या गोदामात आहे. तिथं आता छोटंसं संग्रहालय केलंय. त्याच्या शेवटच्या दालनात कोरतळं नावाच्या गावाचे फोटो लावलेत. सत्तावीस वर्षांपूर्वी परतीच्या पावसात या गावाचा तलाव फुटला आणि दिवस उजाडायच्या आत गाव वाहून गेलं. फोटोंत चिखलात कलंडलेली बैलगाडी आहे, बाभळीत अडकलेला पाळणा आहे, भिंतीशिवाय उभी राहिलेली एक चौकट आहे. बाजूला एक्केचाळीस नावांची पाटी आहे. आणि दालनाच्या टोकाला, एका बाकासमोर, मी आहे. त्या सकाळी काढलेली अकरा मिनिटांची फिल्म मी दाखवतो. संपली की पुन्हा पहिल्यापासून, दिवसाकाठी चाळीस वेळा.

दुपारी दालनात कुणी नसलं की माझा डोळा लागतो. टीव्हीला झोप कसली, असं म्हणाल. अहो, चित्र आपलं पुढं सरकत राहतं आणि मी मागं मागं जातो. पाणी दाखवता दाखवता मला समाजमंदिराचा ओटा दिसायला लागतो, त्यावर बसलेली पोरंटोरं दिसतात, पानाच्या चंच्या उघडून बसलेली म्हातारी माणसं दिसतात. कारण मी मुळात कोरतळ्याचाच. कारखाना पुण्याकडचा, पण कारखान्यात नुसता जन्म झाला, जगलो ते कोरतळ्यात.

एसटीच्या टपावर बसून मी गावात आलो, तेव्हा हलगी वाजली होती. बायकांनी माझ्या काचेला कुंकू लावलं. ते पुसायची कुणाची छाती होईना, म्हणून पहिले आठ दिवस बातम्या सांगणारी बाई कपाळभर कुंकू लावून बातम्या द्यायची. मला समाजमंदिरात ठेवलं आणि माझी किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे, भीमाकडे दिली. पण भीमाला बटणांची भीती. त्यामुळं माझं सगळं त्याची दोन मुलं बघायची. सतरा वर्षांची म्हाळसा आणि तिच्याहून चार वर्षांनी धाकटा सिद्धाप्पा.

मला एक खोड होती. चित्र मध्येच वर पळायला लागायचं. लगेच एक जण छपरावर चढून अँटेना फिरवायचा आणि बाकीचे मला बडवायचे. कुणी डोक्यात, कुणी पाठीत. गावानं मला जेवढं मारलं तेवढं तर बैलालाही मारलं नसेल. शेवटी म्हाळसाला माझी नस सापडली. डाव्या कुशीवर, खालच्या बाजूला, उघड्या पंजानं एकच चापट, तीसुद्धा हळू. चित्र जागच्या जागी उभं राहायचं. लग्न होऊन ती मंगळवेढ्याला निघाली, तेव्हा माहेरचा उंबरा ओलांडायच्या आधी समाजमंदिरात आली आणि भावाचा हात धरून त्याला ती जागा दाखवली. "हितं मार. अन् दमानं मार, शेजारच्याच्या म्हशीला मारल्यागत नगं," असं म्हणाली. पुढं आई-बाप गेले आणि सिद्धाप्पाला ती एकटीच उरली.

सिद्धाप्पा मेंढरं राखायचा. दिवसभर माळावर, संध्याकाळी माझ्याकडे. त्यालाही एक खोड होती. पायातल्या वहाणा काढल्या की तो त्या उपड्या ठेवायचा. लहानपणी वहाणेत शिरलेला विंचू त्याला चावला होता. त्या दिवशी म्हाळसानं त्याला मांडीवर घेऊन ही सवय लावली, ती कायमची. आता उपडी वहाण म्हणजे घरात भांडण, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. समाजमंदिरात आल्याआल्या कुणीतरी ओरडायचंच, "सिद्ध्या, वहाणा सरळ कर! गावात भांडणं लावतो काय?" तो सरळ करायचा आणि वर म्हणायचा, "भांडान परवडलं, इच्चू न्हाय परवडत." लोकांची पाठ वळली की वहाणा पुन्हा उपड्या.

दिवस काय सारखे राहतात होय? घरोघरी रंगीत टीव्ही आले, मग छपरांवर डिशच्या छत्र्या आल्या. माझ्यासमोरचा ओटा रिकामा झाला. मोरांच्या रुमालावर कुणीतरी चहा सांडला आणि तो धुवायचं कुणाला सुचलं नाही. पण सिद्धाप्पा येत राहिला. मी बंद पडलो तेव्हा गाव म्हणालं, द्या भंगारात. त्यानं मला घोंगड्यात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन सोलापूर गाठलं. "ह्याचं तिकीट पडंल का वो?" असं त्यानं कंडक्टरला विचारलं होतं. कंडक्टर म्हणाला, "खिडकी मागितली तर पडेल."

दुरुस्तीचं दुकान मल्लिनाथचं होतं. पावसानं त्या दिवशी चार दिवसांनी जरा उघडीप दिली होती. मला आत ठेवून सिद्धाप्पा बाहेर पायरीवर भाकरी खायला बसला. एवढ्यात एक कावळा आला आणि त्याच्या डोक्याला चोच लावून गेला.

मल्लिनाथची आई बसव्वा दारातच बसली होती. ती किंचाळलीच. "अय्यो शिवने! कावळा शिवला की रे तुला!"

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. डोक्याला कावळा शिवला की अरिष्ट येतं, असं जुनी माणसं मानायची. त्यावर उतारा एकच. अगदी जवळच्या माणसाला आपण मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. ते माणूस आपल्यासाठी रडलं की अरिष्ट टळतं, आणि वर आयुष्य वाढतं. दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळवायचं.

सिद्धाप्पा हसला. "आवं आज्जी, माज्यासाटी कोन रडनार? मेंढरं?"

"कुणी नाही का तुला?"

"भन हाय मंगळवेड्याला." मग तो गंभीर झाला. "पर नगं वो. लई रडंल ती."

"मग तीच पायजे. मनापासून रडणारं पायजे, रे. वरवरचं चालत नाही."

म्हातारीपुढं कुणाचं चालतंय! म्हाळसाच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन होता. मल्लिनाथनं तिथं फोन लावून सांगितलं, "सिद्धाप्पा गेला म्हणून कळवा." दुकानदारानं तिथूनच हाक मारून म्हाळसाला सांगितलं आणि पलीकडून आलेला तिचा हंबरडा मला आत टेबलावर ऐकू आला. सिद्धाप्पानं दोन्ही कानांवर हात ठेवले होते. जाताना तो मल्लिनाथला म्हणाला, "उद्या धा वाजता आठवनीनं फोन करा. सांगा, जिता हाय, कावळा शिवला व्हता. न्हायतर रडून आजारी पडंल." मग आत येऊन त्यानं माझ्या डाव्या कुशीवर हात ठेवला. "ऐतवारी न्यायला येतो," म्हणाला आणि पाच वाजताच्या एसटीनं परत गेला. तो गावात न जाता माळावर मेंढरांजवळ झोपणार होता, कारण आभाळ पुन्हा भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तलाव फुटला. सोलापुरात दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. सकाळी ठीक दहाला मल्लिनाथनं शब्द पाळला. नदीला पूर येऊन एसटी बंद होती, म्हणून म्हाळसा अजून मंगळवेढ्यातच अडकली होती; तिला फोनवर बोलावून सांगितलं, तुझा भाऊ जिवंत आहे. ती भावाला शिव्या घालत हसली, हसता हसता रडली आणि सगळ्या गल्लीत तिनं साखर वाटली.

तिसऱ्या दिवशी गावातला एक माणूस तिच्या दारात जाऊन उभा राहिला. गाव गेलं, सिद्धाप्पाही कुठं दिसत नाही, म्हणाला. तिनं त्याला हाकलून दिलं. एकदा फसवलं तेवढं पुरे झालं, म्हणाली. मल्लिनाथनं फोन केला तर त्यालाही तेच. सरकारी माणसं कागद घेऊन आली, तिनं अंगठा दिला नाही. भावाचं शरीर सापडलं नाही आणि बहिणीनं मेला म्हटलं नाही. म्हणून त्या पाटीवर सिद्धाप्पाचं नाव नाही.

आणि मी? मी बरा होऊन बसलो होतो. मल्लिनाथनं माझ्या पाठीवर एक चिठ्ठी डकवली होती, ती त्यानं कधी काढली नाही आणि मला कधी विकलं नाही. मिक्सर आणि इस्त्र्यांच्या गर्दीत मी वर्षानुवर्षं धूळ खात पडलो. बसव्वा गेली, पुढं मल्लिनाथही गेला. कधी कधी वाटायचं, मी बिघडलो नसतो तर सिद्धाप्पा सोलापूरला आला नसता, कावळा शिवला नसता, बहिणीला खोटं कळलं नसतं. मनातल्या मनात हेच दळण दळत बसायचो. मल्लिनाथच्या मुलानं दुकान आवरलं तेव्हा मला संग्रहालयाला देऊन टाकलं.

त्याच सुमारास कोरतळ्याजवळच्या कुंभारी गावात, एका घरात ही फिल्म सापडली. लग्नाचं शूटिंग करणारा गुरुलिंग त्या सकाळी कॅमेरा घेऊन कोरतळ्याला पोचला होता. पुढं ती कॅसेट त्यानं कुणाला दाखवलीच नाही, ट्रंकेत तळाशी ठेवून दिली. तो गेल्यावर मुलांनी ती इथं आणून दिली. आठ महिन्यांपूर्वी माझ्या पाठीला तारा जोडल्या आणि मी पहिल्यांदा ती फिल्म दाखवली. तेव्हा कळलं, मी काय दाखवतोय ते.

माझंच समाजमंदिर अर्धं बुडालंय. छतावर माणसं आहेत. चिखलानं डोक्यापासून माखलेला एक तरुण बांधावर येतो आणि पाण्यात शिरतो. एक मूल खांद्यावर घेऊन येतो. पुन्हा जातो, दुसरं आणतो. तिसऱ्या वेळी एका मुलीला पाठीवर आणतो. मग गुरुलिंगला राहवत नाही. तो कॅमेरा तसाच बांधावर ठेवतो आणि दोर धरायला धावतो, त्याची पाठ चित्रात दिसते. तिथून पुढं चित्र तिरकं आहे. समोर चिखल, मागं पाणी. तो तरुण येतो, पाण्यानं जड झालेल्या पायातल्या वहाणा काढतो, कॅमेऱ्यासमोर ठेवतो आणि चौथ्यांदा पाण्यात शिरतो. पाणी छातीपर्यंत आल्यावर एकदा मागं वळून बघतो. फिल्म तिथं संपते.

वहाणा उपड्या आहेत.

मित्रांनो, गाव बुडत असताना त्या पोरानं वहाणा उपड्या ठेवल्या. विंचू शिरू नये म्हणून! परत येऊन घालायच्या होत्या ना त्याला.

शेजारच्या भिंतीवर एक पट्टी लावली होती: अज्ञात तरुण. दिवसातून चाळीस वेळा मी त्याला दाखवायचो आणि चाळीस वेळा लोक ती पट्टी वाचून पुढं जायचे. कोरतळ्याची वाचलेली चार-दोन माणसंही येऊन गेली. पण ती पाण्यात आपलं घर शोधत होती, आपलं माणूस शोधत होती. चिखलानं माखलेल्या माणसाकडे कोण बघतंय? माझ्या पोटात त्याचं नाव होतं आणि ओठावर येत नव्हतं. माझ्यात सगळ्यांचे आवाज आहेत, माझा तेवढा नाही.

श्रावणातली एक दुपार. मी अर्धवट झोपेत होतो. दालनात दोघी आल्या. पुढं होती ऋतुजा, चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणारी, तिशीची. मागं तिची आई. दारातच आईनं चपला काढल्या.

इथला राखणदार बसवेश खुर्चीतून म्हणाला, "मावशी, चपला घाला. इथं चालतात."

"असू दे बाबा. म्हायेर बघाया आले. म्हायेरात कोन वहाना घालून जातंय?"

तो आवाज ऐकून माझी झोप उडाली. केस पिकले होते, पाठ वाकली होती, पण आवाज तोच होता. हितं मार, दमानं मार.

ती फोटोंपुढून हळूहळू चालत गेली. चौकटीच्या फोटोला हात जोडले. पाटीवरची नावं लेकीकडून वाचून घेतली आणि शेवटी म्हणाली, "बघ, सिद्धाचं न्हाय ह्यात. मी सांगत व्हते का न्हाय?" ऋतुजानं तिला हाताला धरून पुढं नेलं. माझ्यासमोरच्या बाकावर बसल्यावर तिनं बसवेशला हळूच सांगितलं, "दर भाऊबीजेला ताट लावून दारात बसते. मामा येणार म्हणून. निरांजन विझेपर्यंत उठत नाही. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, तू तसं कर म्हटलं तर आठ दिवस बोलली नाही माझ्याशी."

फिल्म सुरू झाली. सत्तावीस वर्षं जिनं भावाला जिवंत ठेवलंय, तिलाच मी हे दाखवायचं? पहिलं मूल आलं, दुसरं आलं. म्हाळसाबाई पाणी बघत होती, गावच्या विहिरीची जागा शोधत होती. मुलगी पाठीवरून उतरली, कॅमेरा खाली ठेवला गेला. आणि नेमकं तेव्हा माझं चित्र वर पळायला लागलं. मी मुद्दाम केलं का? खरं सांगू? मलाही माहीत नाही.

बसवेश उठला आणि त्यानं माझ्या डोक्यात हाणली. काही झालं नाही. आणखी एक हाणली. "दिवाळीनंतर नवा येणारच आहे, हा भंगारात जाईल," असं पुटपुटला.

"आरं, तितं न्हवं!" म्हाळसाबाई उठली.

"मावशी, हात लावू नका!"

तिनं ऐकलं नाही. वाकून माझ्या डाव्या कुशीवर, खालच्या बाजूला, उघड्या पंजानं एकच चापट मारली. चित्र जागच्या जागी उभं राहिलं. तिच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, दोन उपड्या वहाणा होत्या.

ती तशीच वाकलेली राहिली. तिच्या मागं बसवेश काहीतरी बोलत होता, ते तिला ऐकू येत नव्हतं. तो तरुण पाण्यात शिरला, छातीपर्यंत गेला, मागं वळला. ती म्हणाली, "सिद्धा."

फिल्म संपली, पुन्हा सुरू झाली. तिनं ती उभ्यानं तीन वेळा बघितली. मग बसवेशला विचारलं, "चौथ्यांदा गेला त्यो बाहिर कवा येतो?"

"मावशी, फिल्म तिथंच संपते."

चित्राच्या कोपऱ्यात घड्याळाचे आकडे होते. ऋतुजानं ते वाचले. सात वाजून बावन्न मिनिटं.

"आठला पान्यात गेला," म्हाळसाबाई म्हणाली. "अन् धाला मला फोन आला, जिता हाय म्हनून. मी साखर वाटली गं, ऋतुजा. साखर वाटली." ती बाकावर बसली. "आदल्या दिशी खोटं खोटं रडून घेतलं अन् खऱ्याला रडलेच न्हाय. सांगाया आलेल्याला हाकलून दिलं मी."

आणि मग ती रडली. पदर तोंडात धरून, अंग गदागदा हलवून, सत्तावीस वर्षांचं रडली. ऋतुजा तिला धरून म्हणत होती, "आई, मामानं तिघांना काढलं गं. तिघांना." बसवेशनं दालनाचं दार लोटून घेतलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. मी फिल्म दाखवत राहिलो, दुसरं काय करणार होतो?

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. "अंगठा कुटं लावायचा?" असं विचारलं.

बसवेशला कळेना. संग्रहालयात कसला आलाय सरकारी कागद? शेवटी त्यानं अभिप्रायाची वही आणली. 'प्रदर्शन आवडले' असं लिहिलेल्या पानावर, त्या ओळींच्या खाली, म्हाळसाबाईनं अंगठा उठवला. ऋतुजानं त्याखाली लिहिलं, हा माणूस माझा मामा सिद्धाप्पा आहे.

"साहेब पुरावा मागतील," बसवेश ओशाळून म्हणाला. माझ्या तारा नीट करायला म्हणून त्यानं मला फिरवलं आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझी पाठ नीट बघितली. पिवळी पडलेली चिठ्ठी अजून तिथं होती. ऋतुजानं मोठ्यानं वाचली. "सिद्धाप्पा, कोरतळं. रविवारी घेऊन जायला येणार."

कोरतळ्याच्या वाचलेल्या माणसांनीही त्या उपड्या वहाणा बघून सिद्धाप्पाला ओळखलं आणि महिन्याभरात पाटीवर बेचाळिसावं नाव आलं. माझ्या शेजारची पट्टीही बदलली. मंगळवेढ्याला सिद्धाप्पाचे दिवस घातले गेले आणि कोरतळ्याची पांगलेली माणसं त्यासाठी आली. त्यांच्यात पाठीवरून आलेली ती मुलगीही होती म्हणे, आता दोन लेकरांची आई झालेली.

परवा भाऊबीज झाली. म्हाळसाबाई नवं लुगडं नेसून, ताट घेऊन आली. ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, करंजी आणि तुपात भिजवलेली वात घातलेलं निरांजन. बसवेश कासावीस झाला. "मावशी, सगळं करा, पण इथं जाळ चालत नाही. नियम आहे."

ती रागावली नाही. निरांजन न पेटवताच तिनं ताट उचललं. "पेटवायला कशाला पायजे? ह्याच्या तोंडावर हाय की उजेड," असं माझ्याकडे बघत म्हणाली. सिद्धाप्पा बांधावर आला तेव्हा तिनं काचेला कुंकू लावलं आणि ओवाळायला सुरुवात केली. ताटातली वात, सुपारी, अंगठी सगळं माझ्या उजेडात दिसत होतं. तो पाण्यात शिरला, मागं वळला. त्यानं बघितलं तेव्हा ती ओवाळत होती. फिल्म संपली तेव्हा तिनं ताट खाली ठेवलं. बसवेशनं काचेवरचं कुंकू पुसलं नाही.

पुढच्या महिन्यात इथं नवा पातळ टीव्ही येईल. मला ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझं आयुष्य झालं, भरपूर झालं. माझं मागणं दुसरंच आहे. मित्रांनो, आज घरी गेलात की कपाटातले जुने फोटो काढा. लग्नाच्या गर्दीत मागं उभा असलेला तो माणूस कोण, पंगतीत वाढणारी ती बाई कोण, हे आजीला विचारा, आत्याला विचारा, आणि फोटोच्या मागं नाव लिहून ठेवा. सांगणारं माणूस आहे तोवर लिहा. मला बोलता आलं असतं तर पहिल्याच दिवशी मी सिद्धाप्पाचं नाव सांगितलं असतं. मला नाही बोलता आलं. तुम्हाला तर येतं की.